देहांत शासन : ज्यूरीस निदेश व शिक्षानिर्धारण

ज्या खून-खटल्यात दोषी ठरलेल्या आरोपीस फाशीची शिक्षा देता येते, त्यातील निर्णयाचे दोन भाग पडतात. आरोपीने खून केला किंवा काय, हा पहिला आणि केला असल्यास त्याला देहांत शासन द्यावे की जन्मठेप, हा दुसरा. ज्यूरी पद्धतीत पहिल्या प्रश्नाचे उत्तर सामान्य नागरिकांतून निवडलेले पंच देतात. लागू असलेला कायदा कोणता, पुरावा कसा तोलावा आणि सिद्धीचा भार कोणावर असतो, हे न्यायाधीश पंचांना जे निवेदन करून समजावून देतो, त्यास ‘ज्यूरीस निदेश’ असे म्हणतात. दुसऱ्या प्रश्नाचे नियमन करणाऱ्या तत्त्वांना शिक्षानिर्धारणाचे नियम ही संज्ञा आहे. भारतातील फौजदारी न्यायालयांत ज्यूरी आता उरलेली नाही. तथापि निदेशाचे कार्य नाहीसे झालेले नाही. पूर्वी न्यायाधीश जे पंचांना तोंडी सांगे, ते आता त्याला स्वतःच्याच निर्णयपत्रात कारणांच्या रूपाने लिहावे लागते आणि वरिष्ठ न्यायालय ते तपासून पाहते.

ज्यूरीची रचना व निदेशाचे स्वरूप : १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार सत्र न्यायालयातील खटले ज्यूरीच्या किंवा असेसरांच्या साहाय्याने चालत. कोणत्या जिल्ह्यात व कोणत्या गुन्ह्यांसाठी ज्यूरी असावी, हे प्रांतिक सरकार ठरवी. त्यामुळे ही पद्धत देशभर सारखी नव्हती. सत्र न्यायालयातील ज्यूरीत पाच ते नऊ यांमधील विषम संख्येने पंच असत. देहांत शासनास पात्र गुन्ह्यात मात्र निदान सात आणि शक्य असल्यास नऊ पंच असावेत, अशी विशेष तरतूद होती. राजकीय हत्यांच्या बाबतीत सरकारला पंचांवर सोपवणे नको असे. नाशिकचे जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्या १९०९ मधील हत्येचा खटला १९०८ च्या कायद्यानुसार उच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांपुढे ज्यूरीविना चालला आणि अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली.

न्यायाधीश व ज्यूरी यांच्या कार्यांची विभागणी स्पष्ट होती. पुराव्याची ग्राह्यता व कायद्याचा अर्थ यांविषयीचे सर्व प्रश्न न्यायाधीश सोडवी. वस्तुस्थितीची कोणती बाजू खरी हे ज्यूरी ठरवी आणि न्यायाधीशाने सांगितलेल्या कायद्यानुसार त्या वस्तुस्थितीला अनुरूप असा अभिप्राय देई. दोन्ही बाजूंची भाषणे संपल्यावर न्यायाधीश पुराव्याचा गोषवारा सांगून निदेश देई. त्यातील मुख्य मुद्द्यांची टिपणे दप्तरात ठेवणे त्याच्यावर बंधनकारक होते; सविस्तर निर्णयपत्र लिहिणे मात्र बंधनकारक नव्हते. ज्यूरी आपल्या अभिप्रायाची कारणे देत नसे. यामुळे निकाल कसा झाला, हे समजण्याचे जवळजवळ एकमेव साधन म्हणजे निदेशाची ही टिपणे असत. ज्यूरीच्या निकालावर साधारणतः केवळ कायद्याच्या मुद्द्यावरच अपील करता येई. म्हणून निदेशात चूक झाली काय, हाच अपिलातील कळीचा प्रश्न ठरे. कायदा चुकीचा सांगणे, महत्त्वाचा पुरावा वगळणे किंवा सिद्धीचा भार उलटा सांगणे, यांस गैरनिदेश म्हणत. अशा गैरनिदेशामुळे ज्यूरीचा निर्णय चुकला असेल, तरच उच्च न्यायालय त्यात हात घालू शके.

ज्यूरीच्या अभिप्रायाशी सत्र न्यायाधीश पूर्णतः असहमत असेल आणि न्यायासाठी तसे करणे त्याला आवश्यक वाटेल, तर संहितेच्या कलम ३०७ अन्वये तो प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवी. समंजस माणसांचा कोणताही गट ज्या निष्कर्षास येऊ शकणार नाही, असा अभिप्राय असेल तरच तो अव्हेरावा, असे प्रिव्ही कौन्सिलने रामानुग्रह सिंग खटल्यात (१९४६) ठरवून दिले होते. ज्यूरीचा अधिकार दोषनिश्चितीपुरताच होता; शिक्षा न्यायाधीशच ठरवी.

नानावटी खटला : निदेशाचे महत्त्व व ज्यूरीच्या मर्यादा या दोहोंचे दर्शन घडविणारा महाराष्ट्रातील सर्वांत परिचित खटला म्हणजे नौदलाचे कमांडर के. एम. नानावटी यांचा होय. २७ एप्रिल १९५९ रोजी त्यांनी मुंबईत प्रेम आहुजा यास रिव्हॉल्व्हरने गोळ्या घातल्या. पत्नीने आहुजाशी असलेल्या संबंधांची कबुली दिल्यानंतर नानावटी तिला व मुलांना चित्रपटगृहात सोडून आपल्या जहाजावर गेले, तेथून रिव्हॉल्व्हर घेतले, काही कामे उरकली आणि मग आहुजाचे घर गाठले. झटापटीत अपघाताने गोळ्या सुटल्या, असा त्यांचा बचाव होता. हे कृत्य खून ठरले, तर भारतीय दंड संहितेच्या कलम ३०२ खाली देहांत शासन किंवा जन्मठेप हे दोनच पर्याय होते.

बृहन्मुंबईच्या सत्र न्यायालयात न्यायाधीश आर. बी. मेहता यांच्यापुढे हा खटला चालला आणि २१ ऑक्टोबर १९५९ रोजी ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने नानावटी निर्दोष असल्याचा अभिप्राय दिला. न्यायाधीशांनी तो न स्वीकारता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले. न्यायमूर्ती शेलत व नाईक यांनी ११ मार्च १९६० रोजी आरोपीस खुनाबद्दल दोषी ठरवून जन्मठेप दिली. सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ रोजी हा निर्णय कायम केला.

सर्वोच्च न्यायालयाने ज्यूरीस दिलेल्या निदेशाची बारकाईने चिकित्सा केली. अपराध सिद्ध करण्याचा भार अखेरपर्यंत फिर्यादी पक्षावर असतो. परंतु कृत्य अपघाताने घडले किंवा गंभीर व आकस्मिक प्रक्षोभामुळे घडले, असा अपवाद सांगणाऱ्या आरोपीवर त्यापुरता भार पुरावा कायद्याच्या कलम १०५ नुसार येतो. या दोन भारांतील नाते ज्यूरीस नीट उलगडून सांगितले गेले नव्हते. प्रक्षोभाची कसोटी त्याच सामाजिक थरातील समंजस माणसावर त्या परिस्थितीत काय परिणाम होईल ही आहे आणि कबुली व गोळीबार यांत मन शांत होण्याइतका वेळ गेला असेल, तर हा अपवाद लागू होत नाही, असे न्यायालयाने सांगितले. नानावटी यांच्या बाबतीत हे अंतर सुमारे तीन तासांचे होते. १९६४ मध्ये राज्यपालांनी नानावटी यांना माफी दिली.

या खटल्यामुळेच भारतातील ज्यूरी संपली, असे सर्रास म्हटले जाते. वस्तुतः ज्यूरी रद्द करण्याची शिफारस विधी आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात १९५८ मध्ये, म्हणजे या घटनेच्या आदल्या वर्षीच केली होती. असेसरांची पद्धत तर १९५५ च्या दुरुस्तीनेच गेली होती. नानावटी खटल्याने या मताला बळ दिले एवढेच म्हणता येईल. १ एप्रिल १९७४ पासून अंमलात आलेल्या १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत सत्र न्यायालयातील ज्यूरीला स्थानच ठेवलेले नाही.

शिक्षानिर्धारणाच्या नियमांची वाटचाल : खुनाबद्दल देहांत शासन व जन्मठेप हे दोन पर्याय १८६० पासून तेच राहिले, बदलला तो त्यांतील निवडीचा नियम. या बदलाचे तीन टप्पे दिसतात. १८९८ च्या संहितेच्या कलम ३६७ नुसार देहांत शासन न देता कमी शिक्षा देणाऱ्या न्यायालयाला त्याची कारणे लिहावी लागत. म्हणजे फाशी हा नियम व जन्मठेप हा अपवाद होता. १९५५ च्या दुरुस्तीने हे बंधन काढून टाकले आणि १९५६ पासून दोन्ही शिक्षा समान पातळीवर आल्या. १९७३ च्या संहितेच्या कलम ३५४(३) ने हा क्रम उलटा केला : यापुढे देहांत शासन द्यावयाचे असल्यास ‘विशेष कारणे’ लिहिणे आवश्यक झाले व जन्मठेप हा नियम ठरला. त्याच संहितेच्या कलम २३५(२) ने दोषनिश्चितीनंतर शिक्षेविषयी आरोपीचे म्हणणे वेगळे ऐकून घेण्याची तरतूद केली. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (अंमल १ जुलै २०२४ पासून) या तरतुदी अनुक्रमे कलम ३९३(३) व २५८(२) मध्ये आल्या आहेत. खुनाच्या शिक्षेची तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ मध्ये आहे.

बचनसिंग वि. पंजाब राज्य या खटल्यात (१९८०) सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने चार विरुद्ध एक मताने देहांत शासन घटनात्मक ठरविले. न्यायमूर्ती भगवती यांचे मत विरुद्ध होते. मात्र ही शिक्षा दुर्मिळातील दुर्मिळ प्रकरणांतच, दुसरा पर्याय निर्विवादपणे बाद झाला असेल तेव्हाच द्यावी, असा दंडक घटनापीठाने घातला. त्यासाठी गुन्ह्याचे स्वरूप व गुन्हेगाराची व्यक्तिगत परिस्थिती या दोहोंचा विचार झाला पाहिजे. आरोपीचे वय, त्याची मानसिक अवस्था, दुसऱ्याच्या दडपणाखाली कृत्य घडले किंवा काय, तसेच त्याच्या सुधारणेची शक्यता ही सौम्यतादर्शक कारणे होत. तो सुधारणार नाही, हे पुराव्याने दाखविण्याची जबाबदारी शासनाची आहे, आरोपीची नव्हे. माछीसिंग खटल्यात (१९८३) खुनाची रीत, हेतू, कृत्याचे समाजविघातक स्वरूप, बळींची संख्या आणि बळी पडलेल्या व्यक्तीची स्थिती असे पाच निकष सांगण्यात आले. त्याच वर्षी मिठू वि. पंजाब राज्य या खटल्यात जन्मठेपेच्या कैद्याने केलेल्या खुनास फाशी सक्तीची करणारे दंड संहितेचे कलम ३०३ घटनाबाह्य ठरले. न्यायाधीशाला निवडीची संधीच न देणारा नियम न्याय्य असू शकत नाही, हे त्यामागील तत्त्व होय.

माछीसिंग खटल्यातील निकषांमुळे कित्येक न्यायालयांचे लक्ष गुन्ह्याच्या क्रौर्यावर खिळून राहिले आणि गुन्हेगाराकडे दुर्लक्ष झाले. पुण्यात खंडणीसाठी झालेल्या अपहरण व खुनाच्या प्रकरणी, संतोष बरियार वि. महाराष्ट्र राज्य या खटल्यात (२००९), सर्वोच्च न्यायालयाने हा दोष दाखवून दिला. गुन्हेगाराची परिस्थिती न तपासता फाशी कायम करणारा १९९६ चा आपलाच एक निर्णय व त्यावर विसंबलेले काही निर्णय बचनसिंग खटल्यातील तत्त्वाशी विसंगत असल्याचे न्यायालयाने मान्य केले आणि प्रस्तुत आरोपीची फाशी रद्द करून जन्मठेप दिली.

अमेरिकेतील पद्धती : अमेरिकेच्या ज्या राज्यांत देहांत शासन आहे, त्यांपैकी बहुतेकांत दोषनिश्चितीप्रमाणेच शिक्षेचा प्रश्नही ज्यूरीपुढे येतो, त्यामुळे तेथे निदेशाला विशेष महत्त्व आहे. फर्मन खटल्यात (१९७२) तेथील सर्वोच्च न्यायालयाने पंचांच्या अनिर्बंध स्वेच्छेवर सोपविलेली फाशी अवैध ठरविली आणि ग्रेग खटल्यात (१९७६) दोन टप्प्यांची, मार्गदर्शक नियमांनी बांधलेली पद्धत मान्य केली. पुढील निर्णयांनी निदेशाची चौकट आखली. अंतिम जबाबदारी अपील न्यायालयाची आहे, असे सांगून पंचांचे ओझे हलके करता येत नाही (कॉल्डवेल, १९८५). सौम्यतादर्शक कारण सर्व पंचांना एकमताने पटले तरच विचारात घ्यावे, असा समज होईल असे निदेश चालत नाहीत (मिल्स, १९८८). आरोपीच्या भावी धोकादायकतेचा मुद्दा सरकारने मांडला असेल आणि जन्मठेपेच्या कैद्यास मुदतपूर्व सुटका नसेल, तर ती गोष्ट पंचांना कळू दिली पाहिजे (सिमन्स, १९९४).

यांतील शेवटचा प्रश्न भारतातही उद्भवला आहे. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, असा समज येथे रूढ आहे. वस्तुतः जन्मठेप ही आयुष्यभराचीच शिक्षा असून चौदा वर्षे ही खुनासारख्या गुन्ह्यात शासनाला सूट देण्यापूर्वीची किमान मर्यादा आहे. ती १९७८ च्या दुरुस्तीने आली. जन्मठेप अपुरी वाटते म्हणून न्यायालय फाशीकडे झुकण्याचा धोका ओळखून सर्वोच्च न्यायालयाने स्वामी श्रद्धानंद खटल्यात (२००८) ठराविक दीर्घ काळ किंवा आयुष्य संपेपर्यंत सुटका न होणाऱ्या जन्मठेपेचा मध्यम मार्ग काढला. घटनापीठाने २०१५ मध्ये तो मान्य केला. मात्र तो अधिकार उच्च व सर्वोच्च न्यायालयांपुरताच ठेवला.

खटल्याचा क्रम : या नियमांचा प्रत्यक्ष व्यवहार जिल्हा पातळीवरून पाहिल्यास अधिक स्पष्ट होतो. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) जिल्ह्यात जालना रस्त्यावर असलेल्या करमाड येथील पोलीस ठाण्यात खुनाचा गुन्हा नोंदला गेला, तर तपासानंतर दोषारोपपत्र दंडाधिकाऱ्याकडे जाते. खुनाचा खटला फक्त सत्र न्यायालयातच चालत असल्याने दंडाधिकारी तो जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या सत्र न्यायालयाकडे सोपवितो. तेथे एकच न्यायाधीश साक्षीपुरावा ऐकून दोषनिश्चिती करतो आणि त्यानंतर शिक्षेविषयी दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकतो. त्याने फाशी सुनावली, तरी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय ती अंमलात येत नाही. आरोपीने अपील केले नाही, तरीही प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या तेथील खंडपीठाकडे (स्थापना १९८१) पाठवावेच लागते. निदान दोन न्यायमूर्ती संपूर्ण पुरावा नव्याने तपासतात. ते शिक्षा कायम करू शकतात, बदलू शकतात, फेरचौकशीचा आदेश देऊ शकतात किंवा आरोपीस सोडू शकतात. साक्षी बहुधा मराठीत झालेल्या असतात, तर उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. त्यामुळे अनुवादाची अचूकता हाही जीवनमरणाचा प्रश्न ठरू शकतो. त्यापुढे सर्वोच्च न्यायालयात अपील, पुनर्विलोकन आणि अखेर संविधानाच्या अनुच्छेद १६१ व ७२ नुसार राज्यपाल व राष्ट्रपती यांच्याकडे दयेचा अर्ज, असे टप्पे आहेत. पुनर्विलोकनाची सुनावणी तीन न्यायमूर्तींपुढे खुल्या न्यायालयात व्हावी, असे २०१४ मध्ये ठरले.

या साखळीतील सर्वांत नाजूक दुवा म्हणजे सत्र न्यायालयातील शिक्षेची सुनावणी. पूर्वी ती बहुधा दोषनिश्चितीच्याच दिवशी काही मिनिटांत उरके. आरोपी गरीब, तीन मुले, वृद्ध आईवडील, एवढेच वकील सांगे. कोरडवाहू शेतीवर किंवा ऊसतोडीवर जगणाऱ्या कुटुंबातील आरोपीच्या बालपणाची, शिक्षणाची, आजारपणाची किंवा मानसिक स्थितीची माहिती कोणी गोळाच केलेली नसेल, तर गुन्हेगाराच्या परिस्थितीचा विचार करण्याचा दंडक कागदावरच राहतो. मनोज वि. मध्य प्रदेश राज्य या खटल्यात (२०२२) सर्वोच्च न्यायालयाने ही उणीव दूर करण्यासाठी सूचना दिल्या. आरोपीच्या मानसिक अवस्थेचा अहवाल, परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल, तुरुंगातील वर्तनाची माहिती आणि त्याची कौटुंबिक व सामाजिक पार्श्वभूमी ही सामग्री न्यायालयापुढे यावी, असे त्यात सांगितले आहे. शिक्षेच्या सुनावणीसाठी पुरेसा अवधी देण्याचा प्रश्न सप्टेंबर २०२२ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपविण्यात आला. नागपूरच्या एका प्रकरणात २०२५ मध्ये न्यायालयाने असेही ठरविले की, या सूचनांचे पालन न होता कायम झालेल्या फाशीच्या बाबतीत शिक्षेचा प्रश्न पुन्हा उघडता येतो.

न्यायालयीन चुकांची उदाहरणे : इतक्या तपासण्यांनंतरही चूक होऊ शकते, हे महाराष्ट्रातील दोन प्रकरणांनी दाखवून दिले आहे. २००३ मधील एका कुटुंबाच्या हत्येबद्दल भटक्या जमातीतील सहा पुरुषांना सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने त्यांपैकी तिघांची फाशी कायम करून तिघांना जन्मठेप दिली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सहाही जणांना फाशी दिली. पुढे पुनर्विलोकनात त्याच न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी सर्वांना निर्दोष ठरविले. वाचलेल्या साक्षीदार महिलेने आरंभी पोलिसांकडील छायाचित्रांतून वेगळ्याच चार जणांना ओळखले होते आणि त्या दिशेने तपास झालाच नव्हता, असे आढळून आले. प्रत्येकास पाच लाख रुपये नुकसानभरपाई देण्याचा आदेश शासनास देण्यात आला. तोपर्यंत त्यांची सुमारे सोळा वर्षे गेली होती. दुसरे प्रकरण पुण्यातील १९९४ च्या सात जणांच्या हत्येचे. त्यात फाशी झालेला एक कैदी गुन्ह्याच्या वेळी अवघा साडेबारा वर्षांचा होता, हे शालेय नोंदीवरून सिद्ध झाले आणि २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याची सुटका केली. अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तो तुरुंगात होता. पहिल्या प्रकरणात दोषनिश्चितीचा पुरावा न्यायालयापुढे अपुरा आला, तर दुसऱ्यात आरोपीविषयीची एक साधी नोंद. कायद्याचा नियम दोन्ही वेळी अस्तित्वात होता. त्याला आधारभूत होणारी माहिती वेळेवर आली नव्हती.

मूल्यमापन : ज्यूरीच्या काळात निदेश दिसे, पण अभिप्रायाची कारणे दिसत नसत. आता कारणे दिसतात व ती तपासता येतात, हा मोठा लाभ होय. परंतु न्यायाधीशाने स्वतःला दिलेला निदेश त्याच्यापुढे आलेल्या सामग्रीइतकाच सक्षम असतो. न्यायमूर्ती अजित शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने आपल्या २६२ व्या अहवालात (२०१५) दुर्मिळातील दुर्मिळ या कसोटीचा वापर न्यायाधीशागणिक बदलतो, असे नमूद करून दहशतवाद व देशाविरुद्ध युद्ध हे गुन्हे वगळता देहांत शासन रद्द करण्याची शिफारस केली. संसदेने ती स्वीकारलेली नाही आणि २०२३ च्या नव्या संहितेतही ही शिक्षा कायम आहे. ती जोवर कायद्यात आहे, तोवर आरोपीची बाजू पहिल्याच न्यायालयात पूर्णपणे मांडली जाणे, हेच शिक्षानिर्धारणाच्या सर्व नियमांचे मर्म राहते. कारण इतर शिक्षांतील चूक उशिरा का होईना अंशतः भरून काढता येते, अंमलात आलेल्या देहांत शासनातील चूक भरून काढता येत नाही.